सुलतानचं वजन उतरतंय, आणि कागद एकही नाही

आर्वीकडची ताई (प्रश्न, १३ जानेवारी)

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातलं आमचं गाव. घरचं किराणा दुकान आहे, ते मी पाहते. शेती यजमान आणि सासरे पाहतात. माझा प्रश्न कासवाचा आहे. आधी वजनाचा आणि मग कागदांचा. दोन्हींनी झोप उडवली आहे म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला होता. २०२२ च्या दसऱ्याला त्यानं मासे-पक्षी विकणाऱ्या एका दुकानातून कासवाचं पिल्लू घेतलं. तेव्हा ते तळहातावर मावायचं. नाव ठेवलं सुलतान. गेल्या जूनमध्ये भावाला मस्कतची नोकरी लागली आणि सुलतान टमाटरच्या क्रेटमध्ये बसून माझ्याकडे आला. जाताना भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, पाला टाकत जा, अन् अंगणात फिरू दे."

पावसाळाभर मस्त होता. मी दुकानाचं शटर वर केलं की आवाजानं मान बाहेर काढायचा. दिवाळीनंतर मात्र बदलला. सकाळी अकरापर्यंत हलत नाही, खाणं निम्म्यावर आलं आहे.

दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पाच ग्रॅमपर्यंत दाखवतो, वजनमाप खात्याचं यंदाचं पासिंग झालेलं आहे. सुलतानला त्यावर ठेवलं की तो चालू लागतो आणि आकडे नाचतात. म्हणून मी चहापत्तीचा रिकामा डबा उपडा ठेवते, टेअर करते, म्हणजे आकडा शून्यावर आणते, आणि त्याला डब्यावर पोटावर ठेवते. चारही पाय अधांतरी. दोन-चार वेळा हवेत वल्ही मारल्यासारखे पाय हलवतो, मग मान आत घेऊन गप्प होतो. तेवढ्यात आकडा वाचायचा. उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं आहे:

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी: २ किलो ०४०
नोव्हेंबरच्या मध्यावर: २ किलो ०२५
डिसेंबरच्या मध्यावर: १ किलो ९५०
आज, संक्रांतीच्या आदल्या दिवशी: १ किलो ८६०

तीन महिन्यांत एकशे ऐंशी ग्रॅम. दुकानात पावशेर साखर कमी भरली तर गिऱ्हाईक परत येतं. इथे जवळजवळ तेवढं माझ्या डोळ्यांसमोर एका जिवाच्या अंगावरून गेलं आणि मी नुसती लिहीत बसले.

तालुक्याला एका डॉक्टरांना दाखवलं. गाई-म्हशींचं त्यांना चांगलं कळतं. ते म्हणाले, थंडीत कासव झोपतेच, फेब्रुवारीत आपोआप उठेल. पण माझं मन मानत नाही. झोपलेला असता तर डोळे मिटून पडून राहिला असता. हा उन्हाच्या तिरिपेकडे सरकायचा प्रयत्न करतो आणि मध्येच थांबतो.

आता कागदांचं. भावाकडे हाताने लिहिलेल्या पावतीचा मोबाईलवर काढलेला फोटो आहे. त्यावर "कासव, १ नग, ५,५००" एवढंच. कासवाची जात लिहिलेली नाही, कोणाचा शिक्का नाही. दुकानदार म्हणाला होता, फॉरेनचं आहे, याला कागद लागत नाही. मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक पायरीवर उभं राहून म्हणालं, "बाई, कासव पाळलं तर जेल होते." दोन दिवसांनी बाहेरगावचे दोन अनोळखी माणसं आले, त्यांनी बिस्किटाचा पुडा घेतला आणि विचारलं, "कासवाले नखं किती हायेत?" वीस नखांचं कासव मिळालं की पैशाचा पाऊस पाडता येतो, हे खूळ आमच्याकडे अजून आहे हे मला माहीत आहे. त्या दिवसापासून फाटकाला कडी लावून ठेवते आणि रात्री त्याला आतल्या खोलीत घेते.

सासरे म्हणतात, "विहिरीत सोडून दे. आमच्या लहानपणी हर विहिरीत कासव राहे, पाणी साफ राहे." त्यांचा हेतू चांगला आहे, पण मला धीर होत नाही.

कोणी जाणकार असेल तर सांगा. याचं वजन किती असायला पाहिजे? आणि हे कासव ठेवण्याचा मला हक्क आहे की नाही, तो कोणत्या कागदानं सिद्ध होतो?

---

पशुवैद्य, अमरावती

ताई, विहिरीत मुळीच सोडू नका. फोटो पाहिलेला नाही, तरी तुम्ही सांगता ते जमिनीवरचं कासव आहे हे उघड आहे. त्याला पोहता येत नाही. विहिरीत ते बुडून मरेल.

"वजन किती पाहिजे" याचं उत्तर जात कळल्याशिवाय देता येत नाही आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही जातीवरच आहे. म्हणून आधी एवढं पाहून सांगा.

एक, पाठीवर काळ्या रंगात पिवळ्या रेघांच्या चांदण्या आहेत का, की सगळी पाठ मातकट, वाळक्या पोळीच्या रंगाची आणि प्रत्येक खवल्याच्या कडेला गडद पट्टा आहे? दोन, मागच्या पायांच्या मांड्यांवर, शेपटीच्या दोन बाजूंना शिंगासारखे टोकदार काटे आहेत का? तीन, लांबी. टेप पाठीवरून वळवून मोजू नका. सपाट फरशीवर तोंडाकडून आणि शेपटीकडून एकेक वीट उभी टेकवा, कासव काढून घ्या आणि दोन विटांमधलं अंतर पट्टीनं मोजा.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तो लघवी करतो तेव्हा बरोबर पांढरं काहीतरी पडतं, ते बोटांत चोळून पाहा. टूथपेस्टसारखं मऊ आहे की रव्यासारखं खरखरीत? आणि रात्री तो जिथे बसतो तिथे पहाटेचं तापमान किती असतं, खायला काय देता, पाण्यात बसवता का, हेही लिहा.

---

नागपूरचा विद्यार्थी

ताई, इंटरनेटवर जॅक्सन रेशोचा तक्ता मिळतो. लांबी टाकली की वजन किती पाहिजे ते निघतं. मी माझ्या मित्राच्या कासवाचं त्यावरूनच पाहिलं होतं.

---

पशुवैद्य, अमरावती

तो तक्ता इथे लावू नका. ऑलिफंट जॅक्सन या ब्रिटिश पशुवैद्यानं तो भूमध्य समुद्राकडच्या दोन जातींवरून केला, हर्मन कासव आणि ग्रीक कासव. ती कासवं हिवाळ्यात शीतनिद्रा घेतात आणि निद्रेत जाण्याआधी त्यांच्या अंगात पुरेसा साठा आहे का, हे पाहायला तो तक्ता आहे. दुसऱ्या जातीच्या कासवाची पाठ जास्त घुमटाकार किंवा चपटी असते, त्यामुळे त्याच लांबीला वजन वेगळं येतं. गावरान कोंबडीचा तक्ता बदकाला लावल्यासारखं होईल.

---

आर्वीकडची ताई

डॉक्टरसाहेब, सगळं पाहिलं. दोन विटा लावून लांबी साडेएकवीस सेंटिमीटर भरली. चांदण्या नाहीत, पाठ मातकट आहे, कडा गडद आहेत. मांड्यांवर काटे आहेत, दोन्हीकडे दोन मोठे, मी आजपर्यंत त्याला खवलेच समजत होते. पुढच्या पायांवरही जाड खवले आहेत, एकावर एक चढलेले, कौलांसारखे.

पांढरं पाहिलं. रवाच. बोटाला टोचतो.

पहाटे पाचला खोलीतल्या फरशीवर थर्मामीटर ठेवला तर १३ दाखवला. परवा अंगणाच्या पडवीत ११ होतं आणि डिसेंबरभर तो पडवीतच झोपत होता.

खायला सांभार (कोथिंबीर), पालक, टमाटर, काकडी देते. पोळीचा तुकडा आवडीनं खातो म्हणून रोज एक. पाण्यात बसवत नव्हते, थंडी बाधेल म्हणून. प्यायला उथळ ताटली ठेवते, पण त्याला पिताना कधी पाहिलं नाही.

---

पशुवैद्य, अमरावती

हे आफ्रिकन काटेरी मांडीचं कासव आहे, पाळणारे त्याला सुलकाटा म्हणतात. तुमच्या भावानं नाव बहुतेक त्यावरूनच ठेवलं असावं. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचा प्राणी. खंडांच्या मुख्य भूमीवरची कासवांची ही सगळ्यात मोठी जात. गॅलापागोस आणि अल्डाब्रा बेटांवरची कासवंच काय ती याच्याहून मोठी.

ही जात शीतनिद्रा घेत नाही. तुम्ही म्हणालात ना, झोपलेला वाटत नाही, ते अगदी बरोबर ओळखलंत. हा थंडीनं गारठलेला आहे. कासवाचं पोट बाहेरच्या उबेवर चालतं. अंग गार असलं की पचन थांबतं, खाल्लेलं पोटात तसंच कुजतं, मग भूक मरते. त्यात पाणी नाही, म्हणून लघवीतला पांढरा भाग घट्ट होऊन रवा झाला. तसंच चालू राहिलं तर मूत्राशयात खडा धरतो.

वजनाबद्दल माझं मत असं. साडेएकवीस सेंटिमीटरला दोन किलोच्या आसपास हे या जातीला वावगं नाही. तुमचा ऑक्टोबरचा आकडा ठीक होता. वाढत्या वयाच्या सुलकाटाचं वजन महिन्यागणिक थोडं तरी चढायला पाहिजे. तुमचं जवळजवळ नऊ टक्के उतरलं आणि त्यातलं निम्मं शेवटच्या एका महिन्यात. म्हणून थांबायचं नाही.

आजपासून पाणी. दुपारी, घरात, मुलाच्या अंघोळीला असतं तसं कोमट पाणी टपात घ्या. पाठीच्या कवचाची खालची कड भिजेल एवढंच, डोकं सहज वर राहिलं पाहिजे. वीस-पंचवीस मिनिटं. पाणी गार झालं की बदला. नंतर पुसून कोरडं करून उन्हात. पहिले दोन आठवडे रोज.

रात्रीसाठी कोंबडीच्या पिल्लांना करतात तशी ब्रूडरची पेटी करा. लाकडी खोकं, वरून एका बाजूला उष्णतेचा बल्ब, त्याच्याभोवती जाळी. प्रकाश न देणारा सिरॅमिकचा मिळाला तर उत्तम, कारण रात्री त्याला अंधार लागतो. पेटीत थर्मामीटर ठेवा, सध्या पंचविसाच्या खाली जाऊ देऊ नका. पेटीत कुटार, म्हणजे भुसा, भरू नका, बल्बजवळ पेट घेतं. लाइन गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सकाळी आधी ऊब, मग खाणं. गार कासवापुढे पाला टाकायचा नाही.

पोळी आजच बंद. टमाटर, काकडीही बंद. पालकही नको, त्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम अंगी लागू देत नाही. याचं मूळ अन्न गवत आहे. हरळी, वाळलं गवत, निवडुंगाचे काटे काढलेले फड, जास्वंदाची पानं-फुलं, तुतीचा पाला. सांभार अधूनमधून चालेल. मात्र शेताच्या धुऱ्यावरचं गवत कापून आणू नका. कपाशीवरची फवारणी, तणनाशक, सगळं तिथेच उतरतं. अंगणातलं, परसातलंच द्या. कोवळी ज्वारी नको, ती गुरांना बाधते तशी यालाही बाधेल. बेशरम, कण्हेर, गाजरगवत यांच्या जवळही जाऊ देऊ नका.

तोलायची तुमची पद्धत चांगली आहे, फक्त वेळ ठरवा. सकाळी, उपाशीपोटी, पाण्यात बसवण्याआधी, दर आठवड्याला एकाच वारी. कासव मूत्राशयात भरपूर पाणी साठवतं. पाण्यात बसवल्यावर लगेच पन्नास-साठ ग्रॅम वाढलेले दिसतील, ते पाणी आहे, मांस नव्हे. त्याच्यावर खूश होऊ नका. नंतर एकदम लघवी केली की उतरेल, त्यानं घाबरू नका. तीन-चार आठवड्यांची रेघ पाहा.

नाकातून बुडबुडे आले, तोंड उघडून श्वास घेऊ लागला किंवा आठ दिवस काहीच खाल्लं नाही, तर वाट न पाहता नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. एक्स-रेमध्ये खडा दिसतो.

---

नागपूरचा विद्यार्थी

एवढा त्रास असेल तर ताई, ग्रुपवर टाका ना. पुण्या-मुंबईत घेणारे लगेच मिळतील.

---

निवृत्त वनपाल, चंद्रपूर

बाळा, हा सल्ला देऊ नको. हा प्राणी असा हातोहात देता येत नाही. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, डॉक्टरसाहेबांनी जात ओळखून दिली हे बरं झालं. तुमच्या कासवाच्या पाठीवर चांदण्या असत्या, म्हणजे ते आपलं भारतीय स्टार कासव असतं, तर माझं उत्तर एका ओळीचं होतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, अनुसूची एक, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी. ते घरी ठेवायला पावती, स्टॅम्पपेपर, सरपंचाचा दाखला काहीही चालत नाही. विकणाऱ्यानं दिलेला कोणताही कागद त्याला कायदेशीर करू शकत नाही. शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत, आणि दंड पंचवीस हजारांपासून पुढे.

तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. विहिरीतल्या कासवाची गोष्ट खरी आहे, मीही लहानपणी पाहिलं आहे. ते मऊ कडांचं पाणकासव, पाय आत घेतले की खालून झापडं मिटतात ते. आमच्याकडे मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, ते पुष्कळ. उन्हाळ्यात तलाव आटला की चिखलात गाडून घेतं. नांगराच्या फाळाला लागून वर आलेलं पाणकासव मी तीन वेळा हातात धरलं आहे, अंगावरचा चिखल वाळून मडक्यासारखा झालेला असतो, आणि आपण मेलं समजून खाली ठेवावं तर पाच मिनिटांनी मान बाहेर. तेही अनुसूची एकमध्ये आहे. पोरांनी तलावातून उचलून आणलं तरी ती सरकारी मालमत्ता. असं जनावर हाती आलं तर अठ्ठेचाळीस तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन खात्याला कळवायचं असा कायदा आहे. वन विभागाचा १९२६ हा नंबर त्यासाठीच आहे. त्या नखं मोजायला आलेल्यांबद्दलही याच नंबरवर सांगा. अशा माणसांच्या हाती पडलेली कासवं मी पाहिली आहेत. त्याबद्दल इथे जास्त लिहवत नाही.

आता तुमचं. परदेशी जातीला कागद लागत नाही हे दुकानदाराचं बोलणं एके काळी बऱ्याच अंशी खपून जायचं. कारण आपला कायदा देशातल्या प्राण्यांबद्दल बोलायचा आणि परदेशी प्राणी सीमेवर कस्टमवाल्यांनी अडवला तर अडवला. २०२२ च्या दुरुस्तीनं ते बदललं. १ एप्रिल २०२३ पासून नवी अनुसूची चार लागू आहे. सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांतले प्राणी तिच्यात आले. सुलकाटा सायटीसच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे. म्हणजे असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्यानं त्याची नोंद केली पाहिजे, कलम ४९-एम. त्याचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला निघाले. अर्ज केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करायचा, तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. त्यांचं कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. जुने प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती, नव्यानं प्राणी आला तर तीस दिवस. आणि प्राणी एकाकडून दुसऱ्याकडे गेला, पिल्लं झाली, मेला, तर तेही कळवायचं.

तुमच्या बाबतीत दोन गाठी आहेत. भावानं मुदतीत नोंद केली नाही ही एक. आणि प्राणी त्याच्याकडून तुमच्याकडे आला, तेही कुठे लिहिलेलं नाही, ही दुसरी. पहिली गाठ भावाच्या नावानं सुटायला पाहिजे, मगच दुसरी. उलट्या क्रमानं गेलात तर तुम्हाला विचारतील, तुम्ही हे आणलं कुठून.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. पावतीचा फोटो छापून घेतला असता. भावाच्या मोबाईलमध्ये सुलतानचे लहानपणापासूनचे फोटो असतील, तारखेसकट, ते क्रमानं छापले असते. जनावर तेच आहे हे दाखवायला त्याच्या पोटाकडच्या बाजूचा फोटो घ्या. पोटावरच्या खवल्यांच्या शिवणी आणि डाग प्रत्येक कासवाचे वेगळे असतात. भावाकडून सहीचं पत्र मागवा, कधी घेतलं, कितीला घेतलं, कधी बहिणीकडे ठेवलं. तुमच्या वहीतल्या वजनांच्या पानाचीही प्रत लावा. तुम्ही म्हणता ते साधं पान आहे, पण चौकशीला आलेल्या माणसाला त्यातून कळतं की इथे जनावर सांभाळलं जातंय, लपवलं जात नाही. पोर्टलवरच्या अर्जाशिवाय कार्यालयात द्यायचा अर्ज साध्या मराठीत, दोन प्रतींत. एक त्यांना द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेची पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका, हे मी चौतीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून सांगतो आहे.

मुदत उलटून गेलेली आहे, त्यामुळे पुढे काय करायचं हे अधिकारी ठरवतील. प्राणी ताब्यात घेऊन बचाव केंद्रात ठेवायचा निर्णयही होऊ शकतो, त्याची मनाची तयारी ठेवा. पण आपण होऊन कागद घेऊन आलेलं माणूस आणि धाडीत सापडलेलं माणूस यांच्याकडे पाहण्याची नजर वेगळी असते.

---

नागपूरचा विद्यार्थी

काका, मला हे माहीत नव्हतं. ताई, वरचा सल्ला मी मागे घेतो. मित्राच्या कासवाच्या पाठीवर पिवळ्या रेघा आहेत. त्याच्याशी आज बोलतो.

---

निवृत्त वनपाल, चंद्रपूर

आजच बोल. तुमच्या नागपुरातच सेमिनरी हिल्सला वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. आधी १९२६ वर फोन करायला सांग. स्वतः डबा घेऊन बसमधून फिरू नका, आधी कळवा आणि ते सांगतील तसं करा. आणि तेलंगखेडीला नेऊन पाण्यात सोडायचं कोणाच्या मनात असेल तर आधीच सांगतो, तेही जमिनीवरचंच कासव आहे.

---

आर्वीकडची ताई (२५ फेब्रुवारी)

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमा करा. तूर घरात यायचे दिवस होते आणि दुकानही.

पेटी यजमानांनी केली. साबणाच्या खोक्याच्या फळ्या, वर जाळी, सिरॅमिकचा बल्ब ऑनलाइन मागवला, तो यायला सहा दिवस लागले. तोवर बाटल्यांवर भागवलं. रात्री दोनला आणि पहाटे पाचला उठून पाणी बदलायचं. तिसऱ्या रात्री मी उठले तर सासरे आधीच चुलीजवळ पाणी गरम करत बसलेले. मला म्हणाले, "तू झोप वं, मले तशीबी झोप येत नाही." विहिरीचा विषय त्यांनी परत काढला नाही.

पाण्यात बसवल्यावर पहिल्याच दिवशी तो मान खाली घालून प्यायला. नाक बुडवून, गळ्याची कातडी वर-खाली होताना दिसत होती, किती वेळ तरी. इतके दिवस ताटली समोर असून हा तहानलेला होता. ताटलीची कड त्याला उंच पडत होती, हे मला तेव्हा कळलं. आता मातीचं उथळ परळ जमिनीत कडेपर्यंत पुरून ठेवलं आहे, आपलं आपण चढतो.

पांढरं नवव्या दिवशी मऊ झालं. मध्ये एकदा घट्ट गोळी पडली, हरभऱ्याएवढी, त्या दिवशी फार भीती वाटली. डॉक्टरसाहेबांनी फोनवर धीर दिला आणि एक्स-रे काढून घ्यायला सांगितलं. नागपूरला नेलं. खडा नाही.

वजनं, दर बुधवारी, सकाळी सातला, उपाशीपोटी:

२१ जानेवारी: १ किलो ९०५
२८ जानेवारी: १ किलो ८८०
४ फेब्रुवारी: १ किलो ८८५
११ फेब्रुवारी: १ किलो ९००
१८ फेब्रुवारी: १ किलो ९२०
आज: १ किलो ९४५

२८ तारखेचा आकडा पाहून पोटात गोळा आला होता. पण तुम्ही आधीच लिहून ठेवलं होतं, पहिलं चढलेलं ते पाणी. म्हणून थांबले. आता चढतंय ते गवतावर चढतंय. हरळी आधी हुंगून सोडून द्यायचा, पोळी शोधायचा. पाच दिवस हट्ट केला, मग खायला लागला. आता हरळीची जुडी धरली तर पुढचा पाय तिच्यावर ठेवून, मान तिरपी करून ओढतो आणि कटकट आवाज येतो. जास्वंदाचं फूल दिसलं तर चालत नाही, पळतो.

कागदांचं असं झालं. भावानं मस्कतहून सहीचं पत्र पाठवलं आणि त्याच्या नावानं पोर्टलवर अर्ज भरला. फोटो त्याच्याकडे चाळीस निघाले. पहिल्यात सुलतान चहाच्या कपाशेजारी आहे आणि कपाहून लहान आहे. मी आणि यजमान वन खात्याच्या कार्यालयात गेलो. काकाजी, तुम्ही सांगितलं तसंच सगळं क्रमानं लावून नेलं होतं. साहेबांनी पान पान पाहिलं. वहीच्या पानावर आले तेव्हा विचारलं, हे रोजचं कोण लिहितं. मी म्हणाले, मी. दुसऱ्या दिवशी दोन वनरक्षक घरी येऊन गेले, पेटी पाहिली, पोटाचे फोटो घेतले, लांबी त्यांनीही मोजली, २१.५ च भरली. वरून लेखी उत्तर येईपर्यंत जनावर आहे तिथेच ठेवायचं, कोणाला द्यायचं नाही, गावाबाहेर न्यायचं तर आधी कळवायचं, असं लिहून दिलं आणि माझी सही घेतली. नखं विचारणाऱ्यांचंही सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

उत्तर अजून यायचं आहे. नेलं तर नेतील. डॉक्टरसाहेबांना मी विचारलं होतं, हा मोठा होऊन किती होईल. ते म्हणाले, नीट जगला तर तुरीच्या एका कट्ट्याएवढा (पोत्याएवढा), आणि वय आपल्याहून जास्त. म्हणजे पेटीचा प्रश्न नाही, जागेचा आहे, आणि माझ्यानंतर कोणाचा, हाही आहे. सातवीतली मुलगी म्हणते मी पाहीन. तिला सध्या बुधवारचा आकडा लिहायला दिला आहे.

पोच घेतली आहे. आवक क्रमांक आणि तारीख दोन्ही आहेत. लॅमिनेट करून गल्ल्याच्या वरच्या खणात, काट्याच्या पासिंगच्या कागदाशेजारी ठेवली आहे.